गावची वारसा फेरी: पत्रिका छापण्याआधीची कामं, क्रमानं

हल्ली बऱ्याच तालुक्यांच्या गावांत कुणी ना कुणी 'हेरिटेज वॉक' काढतं. तरुण मंडळ, शाळेतले इतिहासाचे सर, वाचनालय, कधी नगरपालिका. उत्साह खरा असतो आणि माणसंही येतात, पण दुसरी फेरी मात्र निघत नाही. कारण बहुतेक ठिकाणी सारखंच आहे. आधी तारीख ठरते, मग पाहुणे, मग पत्रिका छापायला जाते, आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, "दाखवायचं नेमकं काय आणि सांगणार कोण?" मग कुणाच्या तरी फोनवर आलेला मजकूर वाचून दाखवला जातो. गावातला एखादा जाणता माणूस ऐकतो, मान हलवतो आणि पुन्हा येत नाही.

हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातली वाई घेतली आहे, कारण घाट, देवळं आणि वाडे हे तिन्ही तिथं पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. तुमच्या गावात गढी असेल, लेणी असतील, बारव असेल. तपशील बदलतील, टप्प्यांचा क्रम बदलू नका. पहिल्या फेरीच्या तयारीला दहा आठवडे धरा. त्याहून कमी वेळ हाताशी असेल, तर तारीख पुढं ढकला.

टप्पा १ : एकच प्रश्न ठरवा

'आमच्या गावाचा इतिहास' हा फेरीचा विषय होत नाही. त्यात सगळंच मावतं, म्हणून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. असा प्रश्न घ्या, ज्याचं उत्तर रस्त्यात डोळ्यांना दिसेल.

वाईसाठी एक चांगला प्रश्न आहे: कृष्णेनं हे गाव कसं घडवलं? ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पाहा. ती माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी तिथं दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. घाट बघत पुढं चालू लागलात की गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह अशी नावं येतात. वस्ती नदीला धरून कशी वाढली, हे त्या नावांतच सापडतं. कृष्णाबाईचा उत्सवही घाटाघाटाचा वेगळा. प्रत्येक थांबा एकाच प्रश्नाचं उत्तर थोडं थोडं पुढं नेतो.

मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा वाईपासून जवळ आहे, म्हणून तोही याच फेरीत घालायचा मोह होईल. घालू नका, त्याची वेगळी अर्ध्या दिवसाची फेरी करा. प्राज्ञपाठशाळा ही शास्त्राध्ययनाची जुनी संस्था आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालय यांचंही तसंच. वाई विद्येचं गाव कसं झालं, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याला स्वतंत्र सकाळ द्यायला हवी.

*तपासणी :* प्रत्येक थांब्यापुढं एका वाक्यात लिहा, 'इथं प्रश्नाचं कोणतं उत्तर दिसतं?' वाक्य सुचत नसेल तर थांबा कितीही सुंदर असला तरी वगळा.

टप्पा २ : रस्ता तीनदा चाला

पहिल्यांदा एकट्यानं चाला, हातात वही घेऊन. दुसऱ्यांदा ज्या वारी आणि ज्या वेळी फेरी काढायची, त्याच वारी आणि त्याच वेळी. आठवडी बाजार, शाळा सुटण्याची वेळ, देवळातली आरती, उन्हाची दिशा हे सगळं घरी बसून कळत नाही. तिसऱ्यांदा एका सत्तरीतल्या माणसाला आणि एका दहा वर्षांच्या मुलाला सोबत घ्या. आजोबा कुठं बसायला जागा शोधतात आणि मूल कुठं कंटाळतं, तिथं खूण करा. माझ्या अनुभवात ही तिसरी चाल सगळ्यात जास्त शिकवते आणि नेमकी तीच टाळली जाते.

वेळेचा हिशेब आधी कागदावर करा. २५ माणसांचा घोळका तासाला अडीच किलोमीटरपेक्षा वेगानं सरकत नाही. दीड किलोमीटरच्या रस्त्याला साधारण ३६ मिनिटं लागतात. सात थांबे, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे ७०. शिवाय प्रत्येक थांब्यावर मागची माणसं येऊन पोहोचायला तीन मिनिटं, म्हणजे आणखी २१. एकूण दोन तास सात मिनिटं. ही वरची मर्यादा समजा. अडीच तासांनंतर कुणी ऐकत नसतं, फक्त चालत असतं.

प्रत्येक थांब्यावर चार गोष्टी नोंदवा : २५ जण रस्ता न अडवता उभे राहू शकतात का, सावली आहे का, आवाज पोहोचतो का, आणि जवळचं स्वच्छतागृह कुठं आहे. शेवटची गोष्ट विसरली, तर बायका आणि वयस्कर माणसं पुढच्या खेपेला येणार नाहीत. कारणही सांगणार नाहीत.

*सावधान :* नदीकाठी फेरी असेल तर पाण्याची चौकशी आदल्या दिवशी करा. वाईच्या वर धोम धरण आहे. विसर्ग वाढवला की घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि ओसरल्यावर शेवाळ राहतं. पावसाळ्यात घाटाच्या वरच्या अंगानंच जाणारा पर्यायी रस्ता हाताशी ठेवा.

टप्पा ३ : वाक्यांची वही

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. अर्धी तयारी हीच आहे.

फेरीत जे जे बोललं जाणार, ते वाक्यावाक्यानं एका वहीत उतरवा आणि प्रत्येक वाक्यापुढं तीनपैकी एक खूण करा.

'क' म्हणजे डोळ्यांनी दिसतं किंवा समकालीन कागदात, शिलालेखात सापडतं. 'ख' म्हणजे परंपरा सांगते. 'ग' म्हणजे कुठंतरी ऐकलं, वाचलं, पण मूळ सापडत नाही.

'क' ठामपणे सांगा. 'ख' सांगताना 'अशी इथली आख्यायिका आहे' हे शब्द वगळू नका. 'ग' वहीतच राहू द्या. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, हे 'ख'. ते सांगायला हरकत नाही, उलट सांगावंच, कारण लोकांनी आपल्या गावाला कोणत्या कथेशी जोडून घेतलं हाही इतिहासच आहे. फक्त ते सिद्ध झालेलं असल्यासारखं सांगू नका. मेणवलीची घंटा घ्या. ती पोर्तुगीज बनावटीची आहे, हे घंटाच सांगते, म्हणून 'क'. ती वसईहून आली असं सांगतात, आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, हेही 'क'. पण अमुक एका चर्चमधून उतरवून अमुक दिवशी इथं आणली असं कुणी सांगू लागलं, तर कागद विचारा. कागद मिळेपर्यंत ते वाक्य 'ग'मध्येच राहील.

संदर्भ कुठं शोधायचे? जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला सरकारी माहितीग्रंथ, आधी वाचा. साताऱ्याचं १८८५ चं आहे. मात्र त्यातही ऐकीव माहिती भरपूर आहे, म्हणून एकट्या गॅझेटिअरवर 'क' देऊ नका. पुण्याचं पुराभिलेखागार आणि १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ इथं पेशवेकालीन कागद आहेत. बहुतेक मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत न्या. त्यानंतर गावातले वयस्कर. एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या आळ्यांतल्या, शक्यतो वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांना विचारा. पाण्याला, देवळाला, रस्त्याला कुणाला प्रवेश होता आणि कुणाला नव्हता, हे दुसऱ्या आळीतच कळतं.

बांधणाऱ्यांची चौकशीही करा. घाट कुणी बांधवला हे सगळे सांगतात, वाईत रास्ते या पेशवाईतल्या सरदार घराण्याचं नाव पावलोपावली येतं. पण दगड फोडणारे, घडवणारे, वाहणारे वडार, पाथरवट, बेलदार यांच्याबद्दल एक वाक्य तरी वहीत हवं. दगडावरचे छिन्नीचे घाव दाखवून ते सांगता येतं.

आता सालांबद्दल, कारण इथं चुका फार होतात.

शिलालेखात शक असेल, तर ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षभर नाही. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळं जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. त्यात ७८ मिळवले तर १६२९ येतात आणि उत्तर चुकतं. ७९ मिळवले की १६३०, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० बरोबर जुळतं. लेखात महिना झिजला असेल तर एकच साल ठोकून देऊ नका. शके १६८४ असेल तर 'इ. स. १७६२-६३' असं सांगा.

मराठी कागदांत सुहूर सन ही आणखी एक कालगणना अरबी शब्दांत येते. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेपर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे हा कागद १७७१-७२ चा. जैन मंदिरांत मूर्तीच्या बैठकीवर बहुधा विक्रम संवत असतो. तिथं मिळवायचं नसतं, ५७ वजा करायचे असतात, आणि इंग्रजी वर्ष बदलल्यानंतरच्या महिन्यांना ५६. संवताला शक समजून ७८ मिळवले, की देऊळ एकदम १३५ वर्षांनी तरुण होतं.

*तपासणी :* वही पूर्ण झाल्यावर फेरीशी संबंध नसलेल्या एका जाणकाराला वाचायला द्या. त्याला एकच प्रश्न विचारा, "यातलं कोणतं वाक्य तुम्ही म्हणणार नाही?"

टप्पा ४ : दगड वाचा, पण दगडाला हात नको

शिलालेख नीट दिसावा म्हणून अक्षरांत खडू, रांगोळी, कोळसा किंवा पीठ भरणं सर्रास चालतं. यानं दगडाचं नुकसान होतं, आणि भरणाऱ्यानं चुकीच्या रेषेत भरलं तर पुढचा माणूसही चुकीचंच वाचतो. त्याऐवजी सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात या. ऊन नसेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा. सावलीत अक्षरं उठून येतात आणि फोटोही चांगला मिळतो. ठसा घेणं हे जाणकाराचं काम आहे आणि त्याला परवानगी लागते.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, दाखवताना खालून वर वाचायला शिकवा. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्यचंद्र. चालताना आपलं लक्ष आधी वरच्या भागाकडं जातं, म्हणून पुष्कळजण उलटं सांगतात आणि कथा तुटते. गधेगाळ, म्हणजे गाढव आणि बाई कोरलेला शापाचा दगड, असेल तर संकोचून पुढं जाऊ नका. दान मोडणाऱ्याला कोरून ठेवलेली ती शिवी आहे. मुलांना एवढं सांगितलं तरी त्यांना कळतं.

फेरीच्या तयारीच्या नावाखाली सगळ्यात वाईट काम होतं ते सफाईचं. ऑइलपेंट, चुना, शेंदूर, तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, सिमेंटचा गिलावा यांतलं काहीही नको. विखुरलेले वीरगळ 'एकत्र नीट मांडण्यासाठी' उचलूही नका. दगड कुठल्या शिवेवर, कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, हीच त्याची अर्धी माहिती असते. झाडलोट करा, प्लॅस्टिक उचला, आसपासचं गवत हातानं काढा. भिंतीतलं झाड मात्र उपटू नका. मुळांबरोबर दगड निखळतो.

टप्पा ५ : मालक कोण, परवानगी कुणाची

प्रत्येक थांब्यापुढं मालकाचं नाव लिहा. साधारण चार प्रकार निघतात.

केंद्राचं संरक्षित स्मारक असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची निळी पाटी असते. नुसतं पाहायला जाणं आणि तिथं कार्यक्रम करणं यांत फरक आहे. सभा, सत्कार, गाणं-बजावणं यांना आधी परवानगी लागते. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण आहे. माहितीफलकासाठी चौथरा बांधायचं मनात असेल तर हे आधी वाचा. राज्य संरक्षित स्मारकासाठी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडं जा. देवळासाठी विश्वस्त, आणि विश्वस्तांबरोबर पुजारीही. चौथा प्रकार खासगी वाड्यांचा. मेणवलीचा वाडा खासगी मालकीचा आहे. अशा ठिकाणी घर आधी घर असतं, वारसा नंतर. किती माणसं, किती वेळ, कोणत्या खोल्या आणि फोटो चालतील का, हे चारही मुद्दे लिहून घ्या.

पत्रात तारीख, वेळ, संख्या, जबाबदार माणसाचं नाव आणि 'कोणतीही वस्तू हलवली जाणार नाही' हे वाक्य असू द्या. पोच घ्या. एकदा एका गावात तोंडी होकारावर आम्ही तीस माणसं घेऊन गेलो आणि दाराला कुलूप होतं. होकार देणाऱ्यांनी घरात सांगितलंच नव्हतं. चूक आमचीच होती, कारण आठवण करून द्यायला आदल्या दिवशी कुणी फोन केला नव्हता.

ड्रोन आणायचा हट्ट कुणीतरी धरतंच. त्याचे नियम वेगळे आहेत आणि स्मारकांवर परवानगी सहज मिळत नाही. पहिल्या फेरीत तो विषयच काढू नका.

टप्पा ६ : सांगणारे तयार करा

एकच विद्वान वक्ता ठेवू नका. तो आजारी पडला की फेरी संपली. गावातलेच तीन-चार तरुण तयार करा, त्यांत मुली असू द्या. पाठांतर मात्र करून घेऊ नका. पाठ केलेला माणूस मधे कुणी प्रश्न विचारला की पहिल्यापासून सुरू करतो. प्रत्येक थांब्यासाठी एका कार्डावर तीनच ओळी : काय दाखवायचं, काय सांगायचं, पुढं कशाकडं वळायचं.

आधी दाखवा, मग सांगा. "ही भिंत सरळ का नाही?" असं विचारून दहा सेकंद गप्प राहा. कुणीतरी "पाण्यासाठी?" म्हणतंच. तिथून पुढं सगळी फेरी त्यांची होते.

उभं राहताना ऐकणाऱ्यांची पाठ उन्हाकडं ठेवा, ऊन सांगणाऱ्यानं तोंडावर घ्यावं. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, शोधून कळवतो' म्हणायचं आणि प्रश्न वहीत लिहायचा. मेणवलीला सिनेमांच्या चित्रीकरणाबद्दल विचारणारे हमखास भेटतात. त्यांना टाळू नका, थोडक्यात उत्तर द्या आणि त्याच जागेवरून घाटाच्या रचनेकडं वळा.

*तपासणी :* रंगीत तालीम गावातल्याच दहा माणसांसमोर करा. घरची माणसं चूक लगेच पकडतात.

टप्पा ७ : नोंदणी आणि पैसे

मर्यादा २५ ठेवा. जास्त नावं आली तर दुसरी तुकडी करा, घोळका वाढवू नका. थोडं का होईना, शुल्क घ्या. फुकटच्या नोंदणीतली बरीच माणसं येत नाहीत आणि खरोखर येऊ इच्छिणाऱ्यांची जागा अडते. गावातल्या शाळांना मात्र माफ. पैशांतून सांगणाऱ्यांना मानधन द्या, नाश्ता गावातल्या बचत गटाकडून घ्या, आणि जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा लावा.

आता कुठं पत्रिका छापायला हरकत नाही. तीत भेटण्याची जागा, सुटण्याची वेळ, चालायचं अंतर, पायऱ्या किती आहेत आणि फेरी कुठं संपणार हे लिहा. पाहुण्यांची नावं कमी असली तरी चालतील.

तारीख निवडताना १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन सगळ्यांच्या डोक्यात असतो. एप्रिलचं ऊन पाहता त्या दिवशी साडेसहाला सुरू करून साडेआठला संपवा. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह आपल्याकडं हवेच्या दृष्टीनं कितीतरी बरा.

टप्पा ८ : फेरीच्या दिवशी

एक माणूस पुढं, एक मागं आणि एक रस्ता ओलांडताना मधे. मागच्यानं बोलायचं नाही, फक्त कुणी सुटत नाही ना ते पाहायचं. पाणी, प्रथमोपचाराची पेटी, वही. दीपप्रज्वलन आणि भाषणं टाळता आली तर उत्तम, नाहीतर शेवटी चहाबरोबर उरका. सुरुवातीची चाळीस मिनिटं सत्कारात गेली, तर सकाळचं कोवळं ऊन गेलं आणि शिलालेखही गेला.

देवळात पूजा चालू असेल तर थांबा. तिथली माणसं प्रेक्षणीय वस्तू नाहीत, त्यांचे फोटो विचारूनच काढा.

टप्पा ९ : पुढचे पंधरा दिवस

फेरीनंतर लोक सांगायला येतात. "आमच्या घरी जुने कागद आहेत." "आजोबांच्या वेळचा फोटो आहे." याचसाठी एवढा खटाटोप असतो, आणि याचीच तयारी कुणी केलेली नसते. पंधरा दिवसांच्या आत वाचनालयात किंवा शाळेत एक स्कॅनिंगचा दिवस ठेवा. मूळ कागद घेऊन ठेवू नका. त्याच टेबलावर स्कॅन करा, त्याच हातात परत द्या, प्रतही द्या. कागद कुणाचा, काढणारा कोण, फोटोत कोण आहे आणि दाखवायला परवानगी आहे का, हे तिथंच लिहून सही घ्या. कागदांना सेलोटेप, लॅमिनेशन करू देऊ नका. मोडी कागद दिसला की त्याच दिवशी जमिनीच्या वादाचे अर्थ काढायला बसू नका. आधी वाचून होऊ द्या.

आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर एका वेळी एकच माणूस, त्याच्या घरी, आणि रेकॉर्डर सुरू करण्याआधी विचारून. काही जण नाव नको म्हणतात. तेही मान्य करा.

मग वही काढा. फेरीत आलेले प्रश्न, कुणी दुरुस्त केलेली सालं, नव्यानं मिळालेले कागद यांनुसार खुणा बदला. एखादं 'क' खाली उतरून 'ख' होईल, एखादं 'ग' कागद मिळून वर येईल. ज्यांनी प्रश्न विचारले होते त्यांना उत्तरं कळवा, आणि ती कळवून झाल्यावरच दुसऱ्या फेरीची तारीख ठरवा.